रविवारची हजेरी

गेम सुरू करण्याआधी हजेरी घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. इंगळे सर. जळगाव जामोदला बसस्टँडच्या मागे, बी-बियाण्यांच्या एका दुकानावर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. खाली फवारणीच्या औषधांचा वास आणि वर दहा टाईपरायटरांचा खडखडाट. पुढे काळ बदलला तसे सरांनी सहा कॉम्प्युटर आणले. रविवारी दुपारी चारला, क्लास सुटला की ते सहाही कॉम्प्युटर एकमेकांना वायरीने जोडायचे आणि अकरावीतल्या आम्हा पाच जणांना खेळायला बसवायचे. पडद्यावर मैदान उघडलेलं असायचं, आमची बोटं शिवशिवत असायची आणि सर निळ्या पुठ्ठ्याची लांबट वही काढून, चष्मा पुसून, सावकाश म्हणायचे, "गजानन."

"हजर सर."

"इकबाल. प्रमोद. संदीप. अविनाश."

हा शेवटचा अविनाश म्हणजे मी. पाचही पोरं त्यांच्या नाकासमोर बसलेली, तरी प्रत्येकाचा आवाज ऐकल्याशिवाय सर पुढे सरकत नसत. एकदा गजू वैतागून म्हणाला, "सर, दिसून तं राह्यलो ना आमी!" सर वहीतून मान वर न करता म्हणाले, "दिसून राह्यला बाप्पा. पन दिसनं येगळं अन् हजर असनं येगळं. बोल, हजर म्हन." गजूला ते पटलं नाही, पण तो हजर म्हणाला. आम्हालाही तेव्हा ते म्हाताऱ्या माणसाचं खूळच वाटायचं. सर तेव्हा पन्नाशीचेही नव्हते.

त्या गेमचं खरं नाव इंग्रजीत लांबलचक होतं आणि सीडीवरचं अर्धं पुसून गेलं होतं. आम्ही त्याला 'गढी' म्हणायचो, कारण त्यात एक गढी होती. लाल आणि निळी अशा दोन टोळ्या, गढीवरचं निशाण पळवायचं, समोर आला त्याला लोळवायचं, एवढाच खेळ. मैदानाच्या कोपऱ्यात पाण्याची एक उंच टाकी होती. सरांचा गडी बहुतेक वेळ त्या टाकीखाली उभा असायचा. टाईपरायटरवर ज्यांची बोटं न बघता धावायची, त्या सरांना माऊस काही वश झाला नाही. त्यांचा गडी भिंतीला जाऊन धडकायचा, तिथेच पाय आपटत राहायचा, मग सर ओरडायचे, "अरे, मी कुठी अडकलो पाहा बे कोनीतरी!" आम्ही शत्रूपक्षातले असलो तरी उठून त्यांना सोडवायला जायचो.

नियम मात्र सरांचे चालायचे. मागून मारायचं नाही आणि उभ्या माणसाला मारायचं नाही. खेळता खेळता कुणी टाईप करून नेलेल्या अर्जात करेक्शन मागायला आलं, तर सर गडी तसाच उभा ठेवून उठायचे. अशाच एका वेळी गजूने संधी साधली आणि त्यांना लोळवलं. सर परत येऊन बसले, पडद्याकडे पाहिलं, आणि त्याला कोपऱ्यातल्या जुन्या टाईपरायटरवर बसवलं. पहिल्या धड्यातल्या त्याच त्या अक्षरांचं एक अख्खं पान, बिनचूक. चूक झाली की नवा कागद. त्या रविवारी गजूने सात कागद घेतले आणि गेम संपेपर्यंत तो तिथेच ठोकत बसला.

त्या काळी आमच्याकडे लाईन, म्हणजे वीज, कधी जाणार आणि कधी येणार हे सगळ्यांना पाठ असायचं, पण लाईनलाही लहर असायची. सरांकडे एकच बॅटरी होती आणि ती फक्त त्यांच्या मशीनला जोडलेली होती. गेम त्या मशीनवर चालायचा आणि बाकीची पाच मशीनं तारेने त्यात शिरायची, म्हणून आम्ही त्याला मेन मशीन म्हणायचो. लाईन गेली की आमचे पाच पडदे काळे व्हायचे आणि सरांचा तेवढा उजळ राहायचा. एकदा तासभर लाईन आली नाही. आम्ही खाली जाऊन भजी खाल्ली, स्टँडवर दोन चकरा मारल्या आणि वर आलो. अंधारलेल्या खोलीत सर एकटे पडद्यासमोर बसले होते. पडद्यावर रिकामं मैदान आणि टाकीखाली त्यांचा गडी.

"काय करून राह्यले सर?" इकबालने विचारलं.

"उभा हाओ. तुमी गेले तं गेम राह्यते. मी उठलो तं कोनाचाच राह्यत नाही. ज्याच्या मशीनवर गेम हाय, त्यानं सगळ्यायच्या मांगून उठा लागते."

लाईन आली, आम्ही पुन्हा मैदानात शिरलो. आमचे गुण, आमचं निशाण, सगळं होतं तिथेच होतं.

एखादा पोरगा आला नाही, तर सर वहीत त्याच्या नावापुढे 'गै' लिहायचे. गैरहजर. पण ते तेवढ्यावर थांबत नसत. संध्याकाळी चपला घालून थेट त्याच्या घरी. अकरावीत मी भौतिकशास्त्रात नापास झालो आणि तोंड लपवून दोन रविवार घरी बसलो, तेव्हा सर आमच्याकडे आले. बाबांशी पावसापाण्याचं बोलले, आईच्या हातचे पोहे खाल्ले, निकालाचा शब्द काढला नाही. जाताना दारात चपला घालत मला म्हणाले, "येत्या रविवारी येजो. टाकीखाली मी एकटाच पडतो बे." पुढे कधीतरी ती वही माझ्या हाती लागली, तेव्हा माझ्या दोन 'गै'खाली त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं, घरी जाऊन आलो. प्रत्येकाच्या 'गै'खाली ते होतं.

मग जसं सगळ्यांचं होतं तसं आमचंही झालं. संदीप पुण्याला, प्रमोद खामगावला. इकबाल आणि गजू जळगावातच राहिले, गजूने वडिलांचं भांड्यांचं दुकान घेतलं. सरांच्या टायपिंगच्या जोरावर मला तहसील कार्यालयात नोकरी मिळाली आणि बदल्या होत होत मी लोणारला आलो. लोणारला येणारे लोक सरोवर पाहून दुपारच्या गाडीने परत जातात. मी सहा वर्षं तिथे राहतोय. त्यातली पहिली दोन बायकोसोबत. ती अकोल्याला माहेरी गेली ती आलीच नाही. भांडण म्हणावं असंही काही झालं नव्हतं. पुढे रीतसर कागद झाले. नंतर मी लोकांकडे जाणं कमी केलं, कारण चहा यायच्या आधी तोच प्रश्न यायचा. आठवडा ऑफिसात निघून जातो. रविवार मात्र जाता जात नाही, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, इथे सांगतो.

अशाच एका रविवारी मोबाईलवर एका व्हिडिओत कुणीतरी 'गढी' खेळताना दिसलं. मी ताडकन उठून बसलो. जगात अजून काही लोक तो गेम खेळत होते आणि घरच्या घरी त्याचा सर्व्हर कसा ठेवायचा, याची माहितीही त्यांनी देऊन ठेवली होती. सर्व्हर म्हणजे आमचं मेन मशीनच; फक्त तार आता खोलीभर पसरण्याऐवजी लोणारपासून जळगाव, खामगाव, पुण्यापर्यंत जाणार होती. दोन-तीन सुट्ट्या मी त्यात घातल्या. जुना कॉम्प्युटर पुसून सुरू केला, बॅटरी आणली. मैदान उघडलं, टाकी दिसली आणि मला अगदी रडू आलं. मग शाळेच्या ग्रुपवर टाकलं, 'गढी सुरू करतोय. रविवारी चार वाजता. या.' चौघांचेही अंगठे आले. 'भारी यार', 'नक्की', 'जुने दिवस!' संदीपने तर नाचणारा उंटही टाकला.

सर ग्रुपवर नव्हते. त्यांना मी फोन केला. क्लास बंद होऊन वर्षं झाली होती, काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, वारल्या होत्या, सर त्याच खोल्यांमध्ये एकटे राहत होते. नागपूरला असलेल्या मुलीने, मीनाताईंनी, व्हिडिओ कॉलसाठी त्यांना इंटरनेट घेऊन दिलं होतं. "सीडी हाय माह्याजवळ," सर म्हणाले, "ओरखडे पडले, पन चालन. कोन कोन येऊन राह्यलं?"

"सगळेच येतो म्हनले सर."

रविवारी चार वाजता टाकीखाली एक गडी उगवला. फोन कानाला होताच. सरांचा आवाज आला, "आलो बे. हाजरी घेऊ का?"

माझ्या पडद्यावर दोनच नावं होती, त्यांचं आणि माझं. चार वाजून दहा मिनिटं झाली. ग्रुपवर कुणी काही बोलत नव्हतं. कोणीच आलं नाही, एवढंच सांगायचं होतं. ते मला सांगवेना. सत्तरीला आलेल्या माणसाने सीडी शोधून, पुसून, तयार होऊन बसावं आणि त्याला हे ऐकवावं? असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. खरं तर ते वाक्य मलाच माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

त्या गेममध्ये एक सोय आहे. माणसं कमी असली तर कॉम्प्युटर स्वतःच गडी चालवतो आणि त्या गड्यांना हवी ती नावं देता येतात. मी चार नावं टाईप केली. गजू, इकबाल, प्रमोद, संदीप. चौघं टणाटण उड्या मारत मैदानात उतरले.

"आले सर. चौघंबी आले."

"त्यायचा आवाज नाही येत?"

"फोन आपल्या दोघायचाच हाय ना सर. ते नुसते खेळून राह्यले. त्यायची हजर मी देतो."

फोनमधून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "गजानन," सर म्हणाले. मी म्हणालो, "हजर सर." चार वेळा त्यांच्यासाठी आणि एकदा माझ्यासाठी.

तो प्रकार असा सुरू झाला आणि पुढे सव्वा वर्ष चालला. एकही रविवार चुकला नाही. माझी मात्र फार तारांबळ उडायची. तिसऱ्याच रविवारी सरांनी विचारलं, "गजूले विचार, माय बरी हाय का म्हना." मी म्हणालो, "बरी हाय म्हनते सर." फोनमधून वहीत काहीतरी लिहिल्याची खरखर आली. मग सर म्हणाले, "बरं. चाल, खेळू." दुसऱ्या एका रविवारी कॉम्प्युटरच्या गजूने टाकीखाली उभ्या असलेल्या सरांना पाठीमागून लोळवलं. त्या गड्यांना आमचे नियम कुठले माहीत असणार! सर म्हणाले, "गजू, मांगून मारलं बे?" मी घाईघाईने म्हणालो, "चुकलं म्हनते सर." "एक पान टाईप करून आन म्हना." मी हसलो, तेही हसले. त्याच दिवशी मी चारही गड्यांना सगळ्यात मंद करून टाकलं. तेव्हापासून ते बिचारे मैदानात नुसते भटकत असत.

हळूहळू खेळ कमी आणि बोलणं जास्त झालं. आमचे दोन गडी टाकीखाली उभे आणि आम्ही फोनवर. "काय जेवला?" "खिचडी सर." "मांगच्या रविवारीबी खिचडीच होती. भाजी करत जाय बे एखादी." एकदा विचारलं, "घरी कोन हाय?" म्हटलं, "कोनी नाही सर." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. इतक्या वर्षांत ते न विचारणारा हा पहिला माणूस. पण त्या दिवसापासून पाच वाजता गेमवरून उठणारे सर सहापर्यंत बसू लागले. निघताना म्हणायचे, "आता मेन मशीन तुह्यं हाय. आधी मी उठतो, मंग तू ऊठ." मी सोमवारी ऑफिसात जायचो ते जरा हलका होऊन. मी एका एकट्या म्हाताऱ्या माणसाला सोबत करतो आहे, असं मला मनापासून वाटत होतं आणि त्याचा थोडा अभिमानही होता.

सरांचा गडी आता फारच धडपडू लागला होता. एकदा त्यांनी विचारलं, "गढीचं दार डावीकडं हाय का उजवीकडं?" वीस वर्षं ते दार एकाच जागी आहे. मी म्हटलं, "सर, माऊस काही तुमाले वश झाला नाही!" ते म्हणाले, "नाही झाला खरा." मी हसून सोडून दिलं.

एका शुक्रवारी त्यांचाच फोन आला. "अवी, या रविवारी गेम नाही होनार. जमलं तं इकडंच ये."

रविवारी पहिल्या गाडीने निघून, मेहकरला आणि खामगावला गाडी बदलून, मी दुपारी पोहोचलो. जिन्यातून कॉम्प्युटरचं टेबल खाली येत होतं आणि ते धरलेला, घामाने निथळणारा जाडजूड माणूस म्हणजे गजू होता. खराखुरा गजू. मला पाहून म्हणाला, "अबे अवी! किती वर्सायनं! धर जरा इकडून." वर मीनाताई सामान बांधत होत्या. सर नागपूरला जाणार होते, कायमचे. त्यांचे डोळे जवळजवळ गेले होते. काचबिंदू. ते खुर्चीवर बसलेले होते आणि माझा आवाज आला त्या बाजूला त्यांनी मान वळवली, पण जरा चुकीची.

"सगळे आले का? हाजरी घेऊ का?" ते म्हणाले. "गजानन."

"हजर सर," गजू टेबल खाली ठेवून परत येत होता, तो दारातूनच म्हणाला. तो आवाज जिवंत, दमलेला, घोगरा होता.

"अविनाश."

मी खाली पाहत हजर म्हणालो.

गजूने कपाळ पुसत चहाचा कप घेतला. "माय गेली तवा सरनंच सारं पाह्यलं," तो सहज म्हणाला. "शेवटपर्यंत उभे होते. आता सरबी चालले."

"काकू कधी गेल्या?"

"तीन वर्सं झाले ना बे. तुले नाही मालूम?"

मी सरांकडे पाहिलं. ते कप दोन्ही हातांत धरून शांतपणे फुंकर घालत होते. गजू पुढचं सामान न्यायला खाली गेला. मीनाताई टेप लावता लावता माझ्याकडे वळल्या. "लोणारचे तुम्हीच का? वर्षभरापासून यांच्या मागे लागले आहे. डॉक्टर म्हणाले होते, वेळेत ऑपरेशन केलं तर आहे तेवढी नजर राहील. दोन महिने फक्त नागपूरला राहायचं होतं. तर यांचं एकच. रविवारी जमत नाही, लोणारले पोट्टं एकटं हाय."

"डोळे काय रविवारनं गेले का?" सर म्हणाले. "वयानं गेले. तू टेप लाव."

मीनाताई आत गेल्या. सर म्हणाले, "मले जरा गॅलरीत ने." मी त्यांचा हात धरून त्यांना गॅलरीत उभं केलं. समोर छपरांच्या पलीकडे उत्तरेला सातपुडा असतो. लहानपणी लाईन गेली की आम्ही तिथेच येऊन उभे राहायचो.

"दिसते का डोंगर?" सरांनी विचारलं.

"दिसते सर."

"खरं सांग."

मी नीट पाहिलं. "धुरकट हाय सर. नाही दिसत नीट."

"हां. असं सांगत जाय."

मग माझ्याच्याने राहवेना. "सर, तुमाले मालूम होतं."

"पयल्याच रविवारी. कोनी न धडपडता, न बोलता, एका दमात गढीवर जाते का बे? मंग मायचं विचारलं तं तू म्हने बरी हाय. अन् गजू उभ्या मानसाले मारत नाही. सात कागद घेतले होते त्यानं, इसरला का?"

"मंग बोलले काऊन नाही?"

सरांनी कठडा चाचपून दोन्ही हात त्याच्यावर ठेवले. "काय बोलू? तू चौघायची हजर एकटा देऊन राह्यलता. असा हजर कोन देते, हे मले समजत नाही का बे? तुले सांगतलं असतं तं तू सर्व्हर बंद केला असता. मंग रविवारी तू कुठी गेला असता?"

मी त्यांच्यापाशी उभा राहिलो. चार खोटी नावं टाईप करण्याऐवजी 'कोणी आलं नाही सर' एवढं एकच वाक्य मी पहिल्या दिवशी बोललो असतो, तर ते नागपूरला गेले असते आणि आज त्यांना निदान दारं-खिडक्या दिसल्या असत्या. हे मला तेव्हा कळलं आणि तेव्हापासून ते माझ्या मनातून जात नाही.

निघताना त्यांनी निळी वही माझ्या हातात दिली. पुठ्ठा तोच, आतले कागद नवे शिवलेले. "आता हाजरी तू घे. पन खरी घेजो." सरांना घेऊन गाडी गेली. गजू दुकान उघडायचं म्हणून गेला. स्टँडवर बाकावर बसून मी वही उघडली. सव्वा वर्षाचे सगळे रविवार ओळीने मांडलेले होते. माझ्या नावापुढे सगळीकडे 'ह'. गजानन, इकबाल, प्रमोद, संदीप यांच्यापुढे पहिल्या रविवारपासून 'गै', 'गै', 'गै'. अक्षर पानोपानी मोठं आणि वाकडं होत गेलेलं, शेवटी रेघा सोडून भलतीकडे गेलेलं. आणि गजूच्या आणि इकबालच्या पहिल्या काही 'गै'खाली, घरी जाऊन आलो. प्रमोद, संदीपखाली, फोन केला.

लोणारला आल्यावर मी ते चारही गडी काढून टाकले. पुढच्या रविवारी चार वाजता नागपूरहून फोन आला. "उभा हाय का बे?"

"उभा हाय सर."

"कोन आलं?"

"कोनी नाही सर. मी एकटाच."

"बरं. मी हाओ ना फोनवर. लिव्ह मंग." दर रविवारी मी लिहायचो. मग ते विचारायचे आणि मी सांगायचो. टाकी तिथेच आहे, गढीवर निशाण आहे, दार उजवीकडे आहे. कोणाच्या नावाने काही सांगितलं नाही. ते आठ महिने चाललं. एका बुधवारी मीनाताईंचा फोन आला. सर दुपारी झोपले ते उठले नाहीत.

त्यानंतरच्या शनिवारी मी वही पिशवीत टाकून जळगावला गेलो. गजूच्या दुकानात त्याच्या आईचा हार घातलेला फोटो होता. मी म्हणालो, "काकू गेल्याचं मले मालूम नव्हतं बे." तो भांडी पुसत राहिला. "मालूम हाय मले. सर आले होते दुकानात, दोनदा. म्हने, अवीले फोन कर, तो एकटा हाय. मी म्हटलं करतो. मंग..." त्याने चहा मागवला, आम्ही तो घेतला. रविवारचं मी सांगितलं. तो येतो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. परतीच्या गाडीत मी वही उघडली आणि त्याच्या 'गै'खाली लिहिलं, घरी जाऊन आलो. गाडी हलत होती, अक्षर सरांच्या शेवटच्या पानांसारखंच आलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी सर्व्हर सुरू केला. फोन शेजारी ठेवला, सवयीने. वही उघडून मोठ्याने नावं घेतली. गजानन. इकबाल. प्रमोद. संदीप. प्रत्येक नावानंतर थांबलो. मग माझं नाव घेतलं आणि त्या रिकाम्या खोलीत हजर म्हणालो. साडेचारला लाईन गेली. पंखा थांबला, बॅटरीवर पडदा तेवढा उजळ राहिला. मी उठलो नाही. सहा वाजेपर्यंत टाकीखाली उभा राहिलो.